कुलपावरचं कुंकू

अनिलकुमार कलशेट्टींच्या घराला बसवलेलं नवं कुलूप पहिल्यांदा ज्या बोटानं उघडलं, ते बोट कलशेट्टींच्या घरातल्या कुणाचंच नव्हतं. ते विरेशचं होतं. विरेश म्हणजे कुलूप बसवायला आलेला माणूस. दाराला नारळाएवढं भोक पाडून, त्यात ते काळं चकचकीत यंत्र घालून, चार स्क्रू आवळून झाल्यावर त्यानं आपला अंगठा त्याच्या काचेवर टेकवला. यंत्राच्या आतून एका बाईनं इंग्रजीत ‘वेलकम’ म्हटलं आणि दार उघडलं.

“टेस्टिंगला एक नंबरवर माझंच बोट घातलोय सर,” विरेश म्हणाला. “राहू द्या. काही होत नाही.”

म्हणजे परक्या माणसाला घरात येऊ न देण्यासाठी जे कुलूप आणलं, त्याच्या यादीत पहिला मान परक्या माणसाचा. अनिलकुमारांच्या हे लक्षात आलं, पण त्यांनी ते बोट राहू दिलं. ते एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मुख्य लिपिक होते. यादीत चढलेलं नाव काढायला ते चढवण्यापेक्षा जास्त सह्या लागतात, हे त्यांना तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं.

कुलपाचं खूळही कार्यालयातूनच आलं. तिथं सायबर सुरक्षेवर व्याख्यान झालं. पुण्याहून आलेल्या व्याख्यात्यानं सुरुवातीलाच विचारलं, की तुमच्या घराची किल्ली या क्षणी कुणाकुणाकडे आहे? सगळे हसले. अनिलकुमार हसले नाहीत, कारण ते मोजत होते. एक त्यांच्या खिशात. एक पत्नी विजयमालाबाईंच्या पर्समध्ये. एक शेजारच्या मौलालीभाईंच्या घरात, कॅलेंडरच्या खिळ्याला. चौथी कुठं आहे हे काही केल्या आठवेना. म्हणजे ती सगळ्यांचीच झाली असणार. व्याख्याता पुढं पासवर्डविषयी बरंच काही बोलला. अनिलकुमारांनी ते ऐकलं नाही. त्यांना समोर फक्त तो खिळा दिसत होता.

जुळे सोलापुरातल्या त्यांच्या गल्लीत दार वाजवून घरात शिरणं म्हणजे काहीतरी वाईट बातमी आणणं. विरजण न्यायला, पेपर वाचायला, इस्त्रीचे कपडे ठेवायला, पाणी आलं का विचारायला माणसं सरळ आत येत. घरात कुणी नसलं तर खिळ्यावरची किल्ली घेऊन येत. अनिलकुमारांना याचा त्रास होता असं नाही, पण व्याख्यान ऐकल्यावर तो आपल्याला इतकी वर्षं व्हायला हवा होता, असं त्यांच्या ध्यानात आलं.

कुलूप बसल्यावर त्यांनी मौलालीभाईंकडून किल्ली परत मागितली. मौलाली शेख अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ सायकली आणि मोटारसायकली दुरुस्त करत. त्यांच्या पत्नी जुलेखाभाभी अर्ध्या तासानं आल्या. किल्ली त्यांनी घासून आणली होती, आणि दुसऱ्याची वस्तू रिकामी परत द्यायची नसते म्हणून सोबत वाटीभर शिरा होता. तो शिरा विजयमालाबाईंच्या घशाखाली उतरेना.

“अहो, जुलेखाभाभींचं एक बोट घ्या त्यात,” त्या म्हणाल्या. “शंभर बोटं मावतात म्हणे. आपण दोघं करून करून किती भरणार?”

भाभींचं बोट घेतलं म्हटल्यावर मौलालीभाईंचं घेणं आलं. मौलालीभाईंचं घेतलं म्हटल्यावर पलीकडचे धोंडप्पा कसे सुटतील? सूतगिरणीतून निवृत्त झालेल्या धोंडप्पांनी दोन्ही अंगठे दिले, एक चालू आणि एक राखीव. त्यांच्यामागोमाग इस्त्रीवाला आला. त्याला बोलावलं कुणी, हे शेवटपर्यंत कळलं नाही. रविवार संध्याकाळपर्यंत कुलपात एकतीस बोटं झाली, आणि पूर्वी ज्यांना किल्लीसाठी खिळ्यापर्यंत जावं लागत होतं, त्यांचा तेवढाही हेलपाटा वाचला.

कुलपाचं एक अ‍ॅप होतं. ते मोबाइलमध्ये घेताना बेचाळीस पानांचा करार समोर आला. अनिलकुमार एरवी बसमध्ये मोबाइलचा आकडा दाबतानासुद्धा वर रुमाल धरणारे गृहस्थ. त्यांनी करारात आपले फोटो, आपले संपर्क, आपला आवाज आणि आपण कुठं कुठं जातो ते सगळं कंपनीला देऊन टाकलं, कारण ‘मान्य आहे’ हे बटण हिरवं होतं आणि दुसरं बटण दिसतच नव्हतं. त्या बदल्यात अ‍ॅप त्यांना घरात कोण किती वाजता शिरलं ते कळवू लागलं. दुर्दैवानं ते विजयमालाबाईंनाही कळवू लागलं. तिसऱ्याच सकाळी त्यांनी चहाचा कप पुढं ठेवत विचारलं, की पाच चाळीसला तळ्यावर फिरायला गेलेला माणूस पाच बावन्नला परत येतो, तर त्यात तळं किती आणि चौकातला चहा किती? त्या दिवशी अनिलकुमारांनी दोन्ही मोबाइलवरच्या सूचना बंद केल्या. खासगीपणाचं महत्त्व त्यांना खऱ्या अर्थानं तेव्हा पटलं.

एवढ्यावर हे प्रकरण मिटलं असतं. पण केराबाई आत्याचा निरोप आला.

केराबाई आत्या मंगळवेढ्याची. अनिलकुमारांची पाचवी ते दहावी तिच्याच घरात, तिच्याच भाकरीवर झाली. तीन वर्षांपूर्वी या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा पत्रिकेवर निमंत्रक म्हणून सत्तावीस नावं छापली होती, आणि त्यांत आत्याचं नव्हतं. छापखान्यातून राहिलं, असं अनिलकुमारांनी सांगितलं. आत्यानं छापखान्याला फोन लावला. छापखान्यानं मूळ कागदाचा फोटो पाठवला. अक्षर अनिलकुमारांचं होतं. “तुज्या घराची पायरी चढायची न्हाय मी,” एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला, आणि तीन वर्षं चढली नाही. दरवर्षी नव्या ज्वारीचं पोतं मात्र एसटीनं येई. त्यावर नाव विजयमालाबाईंचं असे.

आता ती येणार होती. डोळ्याच्या डॉक्टरकडं काम आहे, दुपारी येते, तासभर बसते, साडेपाचच्या गाडीनं माघारी जाते, असा निरोप होता. डोळ्याचे डॉक्टर मंगळवेढ्यातही आहेत, हे निरोप देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत होतं. अनिलकुमार त्या रात्री नीट जेवले नाहीत. हा तासभर नीट पार पडला तर आत्या परत मिळणार होती. नाही पडला, तर पोत्यावरचं विजयमालाबाईंचं नावही जायचं.

आणि मग त्यांना ती कल्पना सुचली. पत्रिकेच्या यादीत आत्या नव्हती ना? मग कुलपाच्या यादीत ती पहिली असेल. एक नंबरला. घराचं दार ती स्वतःच्या अंगठ्यानं उघडेल.

अडचण एवढीच, की एक नंबरला विरेश होता. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, की पहिला नंबर बदलायचा तर आतल्या बाजूचं बटण दहा सेकंद दाबून सगळी बोटं पुसावी लागतात. नंतर बाहेरून जे बोट पहिल्यांदा लागेल ते एक नंबर. विजयमालाबाई म्हणाल्या, की आधी आपलं बोट घालू, आत्याबाईंचं मागाहून निवांत घेऊ. अनिलकुमारांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की पत्रिकेतलं नावही असंच ‘मागाहून निवांत’ घालू म्हणून राहिलं असेल, हे विजयमालाबाईंना नव्यानं कळलं. मान म्हणजे मान. तो मागाहून निवांत देता येत नाही.

त्या दिवशी अकराला ते स्टँडवर गेले. विजयमालाबाई जुलेखाभाभींकडं दळलेला मसाला आणायला गेल्या. एक वाजता रिक्षा गल्लीत शिरली. आत्या उतरली, हातात कापडी पिशवी, पायांत नव्या चपला. अनिलकुमारांनी तिला फाटकापाशी थांबवलं, घाईघाईनं आत गेले, मोबाइलमध्ये जीव उरला नव्हता म्हणून तो चार्जिंगला लावला, बटण दहा सेकंद दाबलं, एकतीस बोटं पुसली, हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आले आणि अभिमानानं दार ओढून घेतलं. कुलपानं ‘टिक’ असा आवाज केला. मराठीत त्याला काय म्हणतात हे त्यांना तासाभरात कळणार होतं.

जुलेखाभाभींकडून लगबगीनं आलेल्या विजयमालाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. पायांवर पाणी घातलं. आत्या पायरी चढली. तीन वर्षांचा पण तिथं मोडला आणि विजयमालाबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग अनिलकुमारांनी भाषण केलं. सुरक्षितता, आधुनिक काळ, बोटांचे ठसे, आणि या घराच्या यादीत केराबाईंचं स्थान, असा त्याचा आराखडा होता. गल्ली जमली होती. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“पत्रिकेत न्हाय ते न्हाय,” ती म्हणाली, “कुलपात तरी हाय म्हन की मी.”

तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. ते मोठं होत गेलं. नव्या वस्तूवर आपलं नाव लागणार म्हटल्यावर कुठलीही मोठी बाई जे करेल तेच तिनं केलं. तिनं ताटातल्या पाण्यात बोट बुडवलं, हळद घेतली, कुंकू घेतलं आणि कुलपाची पूजा केली. कुंकू नेमकं कुठं लावायचं हा प्रश्नच नव्हता. यंत्राच्या मधोमध एक गोल काच निळी चमकत होती. कपाळ असतं तर ते तिथंच असतं. आत्यानं ठसठशीत, रुपयाएवढं कुंकू त्या काचेवर लावलं, वर दोन अक्षता टाकल्या, नमस्कार केला आणि मग त्यावर अंगठा टेकवला.

“प्लीज क्लीन द सेन्सर,” आतली बाई म्हणाली.

“काय म्हनतीया?”

“नमस्कार म्हणतेय, आत्या.”

आत्यानं पुन्हा अंगठा लावला. बाई पुन्हा तेच म्हणाली. “किती येळा नमस्कार करतीया,” आत्या म्हणाली, “दार उघड म्हनावं की आता.”

मौलालीभाई यंत्रांतले जाणकार. त्यांनी पुढं होऊन खिशातला फडका काढला आणि काच पुसायला हात उचलला. विजयमालाबाईंनी तो हात मनगटाला धरून जागच्या जागी थांबवला. मौलालीभाईंना क्षणभर कळेना. मग जुलेखाभाभींनी त्यांच्या कानात सांगितलं, आणि ते दोन पावलं मागं सरकले.

सवाष्णीनं आपल्या हातानं लावलेलं कुंकू तिच्यादेखत पुसायचं, तेही उंबऱ्यावर. आत्याचे यजमान, म्हणजे आतोबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मंगळवेढ्यात बाजेवर पडून होते. त्यांचा रक्तदाब काल संध्याकाळीच वाढला होता. आत्यानं हे आल्या आल्या सांगितलं होतं. आता त्या गल्लीत असा एकही माणूस नव्हता जो ते कुंकू पुसून रात्री मंगळवेढ्याहून फोन येण्याची वाट बघत बसला असता.

विजयमालाबाई कानाशी कुजबुजल्या, की काचेची एक कड जरा उघडी दिसतेय, तिथं पटकन तुमचं बोट लावा आणि दार उघडा. अनिलकुमार तेवढ्याच हळू आवाजात म्हणाले, की मग एक नंबर मी होईन, तिच्यासमोर, गल्लीसमोर. त्यापेक्षा आणखी एक पत्रिका छापू.

सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, उन्हानं वाळून आपोआप गळेल. मार्चअखेरचं सोलापूरचं ऊन त्या दिवशी पापड वाळवायच्या लायकीचं होतं, पण कुंकू ओलं होतं आणि त्याखाली हळद होती. कुणी वारा घालायला पेपर आणला. त्यातली राशिभविष्याची पुरवणी आत्यानं डोळे बारीक करून वाचायला घेतली. कुलपाबरोबर दोन साध्या किल्ल्याही मिळाल्या होत्या, हे कुणीतरी आठवण करून दिलं. त्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सुरक्षित ठिकाणी ठेवल्या होत्या. अनिलकुमारांना माहीत असलेलं सर्वांत सुरक्षित ठिकाण म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरातलं लोखंडी कपाट.

शेवटी त्यांनी मौलालीभाईंच्या मोबाइलवरून कंपनीला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा, तक्रारीसाठी पाच दाबा, आपण घरात असल्यास एक दाबा. घराबाहेर असल्यास काय दाबावं ते सांगितलं नव्हतं. बऱ्याच वेळानं एक मुलगी बोलली. ती फार गोड होती. ती तिथं बसून दार उघडून देऊ शकत होती, फक्त दार कलशेट्टी सरांचंच आहे याची खात्री करण्यासाठी नोंदवलेल्या मोबाइलवर सहा आकडे पाठवते, तेवढे सांगावेत, असं ती म्हणाली.

बंद खिडकीच्या आत, टेबलावर, मोबाइल ‘टिंग’ वाजला. सगळ्या गल्लीनं तो ऐकला.

“आले का सर आकडे?” मुलीनं विचारलं.

“आले,” अनिलकुमार म्हणाले. “घरात आले.”

मग ते घरात जाऊन बघा, असं ती म्हणाली. अनिलकुमारांनी परिस्थिती पुन्हा समजावली. मुलीला वाईट वाटलं. तिनं आणखी एकदा आकडे पाठवले. टिंग. तुमच्या सुरक्षिततेसाठी आम्ही आकड्यांशिवाय काही करू शकत नाही, ती म्हणाली. अनिलकुमारांनी आपलं पद सांगितलं, नोकरीची वर्षं सांगितली, दोन हजार चार सालचं संगणकाच्या कोर्सचं प्रमाणपत्र सांगितलं. मौलालीभाईंनी फोन घेऊन, हे कलशेट्टीच आहेत, मी स्वतः बघतोय, अशी साक्ष दिली. मुलगी म्हणाली, की अशीच साक्ष चोरांचे मित्रही देतात. फोन ठेवताना तिनं आजच्या संवादाला पाचपैकी किती गुण देणार असं विचारलं, आणि त्यासाठीचा दुवाही आतल्या मोबाइलवर पाठवला. टिंग.

आत्या पायरीवर बसली होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू केव्हाच विरलं होतं. अडीच वाजले. “पायरी चढायची न्हाय म्हनलं हुतं,” ती कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, “चढले. आता पायरीवरच ठिवलंय मला.”

तोडगा जुलेखाभाभींनी काढला.

“वैनी, पुसायचंच कशाला?” त्या म्हणाल्या. “लावून घ्या की सगळ्यांनी. कुंकू कपाळाला गेलं तर त्याला पुसलं म्हणतात का?”

गल्ली थक्क झाली. आत्यानं मान वर करून या बाईकडं पहिल्यांदा नीट बघितलं आणि व्हय म्हणून मान हलवली. मग रांग लागली. विजयमालाबाईंनी काचेवरचं कुंकू अनामिकेनं टिपून कपाळाला लावलं. त्यांच्यामागून धोंडप्पांच्या सूनबाई, त्यांच्यामागून समोरच्या दोघी, त्यांच्या पाहुण्या. कुणी घरातून आरसाच घेऊन आलं. एकीनं रस्त्यावरून जाणाऱ्या भाजीवालीलाही बोलावून घेतलं. कुलपासमोर हळदीकुंकवाचा समारंभ झाला असं पुढं कंपनीला सांगितलं असतं तरी तिनं आकडे मागितले असते. शेवटचं राहिलेलं बोटभर कुंकू आत्यानं स्वतः टिपून आपल्या कुंकवावर लावलं. काच लख्ख झाली. आतोबा सुखरूप राहिले.

आत्या उठली, अंगठा पदराला पुसला आणि काचेवर ठेवला.

“फिंगर नॉट रेकग्नाइज्ड.”

“आता काय म्हनती?”

अनिलकुमारांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी मौलालीभाई बोलून गेले. ते यंत्राच्या बाबतीत खोटं बोलत नसत. “ओळखत नाही म्हणतंय, आत्या.”

जुलेखाभाभींनी त्यांना कोपरानं ढोसलं. उशीर झाला होता. आत्यानं डावा अंगठा लावला. ओळखत नव्हतं. एकामागून एक तिनं आणखी दोन बोटं लावली. साठ वर्षं तव्यावरची भाकरी बोटांनी उलटलेली, साठ सुगी ज्वारीची ताटं मुळापासून उपटलेली ती बोटं होती. तिथं रेघा कुठून असणार? नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती ती. ज्या हातांनी अनिलकुमारांना सहा वर्षं वाढलं, ते हात आपण कधी वळवून बघितले नव्हते, हे त्यांना त्या क्षणी आठवलं. आणि आठवायला तेवढीच सवड मिळाली. पाचव्या बोटाला कुलपाचा संयम संपला आणि ते भोंग्यासारखं केकाटायला लागलं. उरलेल्या पाच बोटांची पाळीच आली नाही. घरात चोर शिरतोय, असं ते साऱ्या जुळे सोलापूरला ओरडून सांगत होतं.

आत्यानं पिशवी उचलली. नव्या चपला पायांत सरकवल्या.

“साडेपाचची गाडी मिळंल मला,” ती म्हणाली. भोंग्यात ते कुणाला ऐकू आलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

तेवढ्यात दार उघडलं. आतून.

दारात धोंडप्पा उभे होते. अंगात बनियन, खांद्यावर कलशेट्टींचीच सोलापुरी चादर, डोक्यावरचे केस एका बाजूला चपटे. कानातलं यंत्र त्यांनी हातात धरलं होतं. नंतर कळलं, की कुलपाच्या सूचना बंद झाल्या त्या दिवसापासून ते रोज दुपारी कलशेट्टींच्या मागच्या खोलीत कूलरखाली येऊन निजत होते. त्यांच्या घरातला कूलर आवाज फार करी. आज ते साडेअकराला येऊन निजले होते, आणि एवढं रामायण होऊनही, कान काढून ठेवल्यामुळे, भोंगा वाजेपर्यंत जागे झाले नव्हते. त्यांनी समोरची गर्दी बघितली, पायरीवर पिशवी घेऊन उभी असलेली म्हातारी बघितली आणि घरच्या माणसासारखे बाजूला झाले.

“या की अक्का, आत या,” ते म्हणाले. “उन्हात कशाला उभारलाय?”

आत्या उभीच राहिली. तिनं अनिलकुमारांकडं वळून विचारलं, “ह्यो कोन?”

“शेजारी.”

“ह्येचं बोट हाय त्यात?”

“होतं,” अनिलकुमार म्हणाले. राखीव अंगठ्याचा उल्लेख त्यांनी केला नाही.

भोंगा वाजतच होता. आत्या त्याच्यावर आवाज चढवून बोलली, त्यामुळे ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. “एक वाजल्यापास्नं तू मला नंबर सांगतुयास, अन्या. आत ये असं ह्यो पयला मानूस म्हनला मला.”

अनिलकुमारांनी मनात सगळं भाषण पुन्हा चाळलं. सुरक्षितता होती, आधुनिक काळ होता, ठसे होते. ‘आत ये’ नव्हतं. हाही मूळ कागद त्यांच्याच अक्षरातला होता.

“आत ये, आत्या,” ते म्हणाले.

“आता बोललास,” ती म्हणाली, आणि उजवा पाय उंबऱ्यापलीकडं टाकून आत गेली. धोंडप्पांनी तिला पाणी दिलं. पाण्याचा तांब्या कुठं असतो हे त्यांना अनिलकुमारांपेक्षा चांगलं माहीत होतं.

भोंगा थांबायला तयार नव्हता. बॅटरीचं झाकण उघडेना. तेव्हा मौलालीभाईंनी घरातून हातोडा आणि पक्कड आणून ते यंत्र दारासकट थोडं उपटून काढलं, बादलीत ठेवलं आणि वर चार चादरी टाकल्या. ते पाऊण तास बादलीत ओरडत राहिलं आणि मग गप्प झालं. दारात आता असं भोक होतं, की रस्त्यावरून जाणाऱ्याला चप्पल न काढता देव्हाऱ्याचं दर्शन घेता यावं. जुनं कुलूप त्या भोकात बसेना. सुतार म्हणाला, दारच बदलावं लागेल, आणि चांगलं लाकूड दहा दिवस तरी मिळत नाही.

आत्यानं पाच वाजता जेवून हात धुतले, भोकातून एकदा बाहेर बघितलं, एकदा आत बघितलं. “ह्या घराला दार न्हाय,” तिनं निकाल दिला. “मी आशी कशी जाऊ?” मंगळवेढ्याला फोन गेला. आतोबांचा रक्तदाब, त्यांच्याच सांगण्यानुसार, एकदम उतरला होता.

दुसऱ्या दिवसापासून आत्याची बाज दाराला आडवी पडली. आता त्या घरात शिरणं खरोखर अवघड झालं. आत्या कुणाचा चेहरा बघत नसे, कुणाचं बोट बघत नसे. तुजं गाव कुटलं, तुजा मामा कुटला, तुज्या मामाची बायको कुटनं केली, इथपर्यंत चौकशी पोचली, की आत सोडी. पार्सल आणणाऱ्यानं सहा आकडे मागितले तर ती म्हणे, आदी तू सांग, मग म्या सांगते. आणि तो सांगे. आठवडाभरात गल्लीतल्या प्रत्येक घराची सोयरीक, आजार, भांडण आणि जमीन तिच्याकडं जमा झाली, एकही पान करार न करता, आणि माणसं वर चहाही पिऊन गेली. जुलेखाभाभी तर रोज दुपारी निवडायचं घेऊन तिच्या बाजेवर येऊन बसत. धोंडप्पांना ती कूलरखाली जाऊ देई, कारण त्यांची आजी माढ्याची निघाली आणि माढ्यात आत्याची चुलती होती. अनिलकुमारांची मात्र रोज सकाळी तपासणी होई. कुटं गेला हुतास, किती चाललास, च्या कुटं प्यालास. सूचना बंद करण्याचं बटण तिच्यात नव्हतं.

अकराव्या दिवशी दुपारी, अनिलकुमारांनी नोंदवलेल्या तक्रारीवरून, कंपनीचा माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर पेटी, पेटीत नवं कुलूप. अनिलकुमार स्वयंपाकघरात जेवायला बसले होते. तिथून भोकातून सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

आत्यानं त्याला गाव विचारलं. त्यानं ओळखपत्र पुढं केलं. फोटू कुनाचा बी चिकटिवता येतो, ती म्हणाली, मामा कुटला ते सांग. तो म्हणाला, मामा नाहीत. मावशी? मावशी परदेशात. मग तुला वळखायचं कुनी, असं आत्यानं त्याला अगदी मायेनं विचारलं. त्यानं कलशेट्टी सरांना बोलवायला सांगितलं. सर जेवतायत, आत्या म्हणाली, जेवत्या मानसाला उठवत न्हाईत.

विजयमालाबाईंनी भाकरी थापता थापता नवऱ्याकडं बघितलं. अनिलकुमारांना उठता आलं असतं. हात धुऊन दारापर्यंत जायला दहा पावलं होती.

बाहेरच्या माणसानं थोडा वेळ वाट बघितली, मोबाइलवर काहीतरी लिहिलं आणि पेटी उचलून निघून गेला. अनिलकुमारांचा मोबाइल टिंग वाजला. ‘ग्राहकाने प्रवेश नाकारला. तक्रार बंद करण्यात येत आहे.’

“पुन्हा नोंदवायची का तक्रार?” विजयमालाबाईंनी विचारलं.

“सुतार काय म्हणतो?”

“उद्या दार आणतो म्हणतोय.”

अनिलकुमारांनी मोबाइल पालथा ठेवला. बाहेर आत्या भाजीवालीला तिच्या आजोळचं विचारत होती.

“त्याला सांगा, घाई नाही,” ते म्हणाले. “लाकूड अजून थोडं वाळू द्या म्हणावं. आणि अर्धी भाकरी वाढा.”